गाडीला पाय लागला तेव्हा

विम्याच्या क्लेमसाठी कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये माझी चेपलेली मोटरसायकल तपासत होता. उलट्या बाजूने मोटार घालून मला उडवणारे साठीचे गृहस्थही जबाबासाठी आले होते. तोंडाला कुलूप. चूक कबूल करू नका, असं त्यांना कुणीतरी बजावलं असणार. मलाही एजंटने बजावलंच होतं, "समोरच्याशी गोड बोलू नका हं, साहेब. क्लेम ढिला पडतो." म्हणून प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून मी भिंतीकडे बघत उभा.

बाजूला सरकताना त्यांचा पाय माझ्या गाडीच्या चाकाला लागला. ते चटकन वाकले, चाकाला बोटं टेकवली आणि ती छातीला लावली.

आपल्याकडे हे ठरवून होत नाही. पुस्तकाला, केरसुणीला, शेजारी बसलेल्या परक्या माणसाला पाय लागला की हात आपोआप खाली जातो. आणि समोरच्याने "असू द्या, असू द्या" म्हणायचं, हेही तितकंच आपोआप. तेवढ्यावर भागतं. किती अपराध आपण असे जागच्या जागी मिटवून टाकतो!

उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी काही बोलणार नव्हती. ते दोन शब्द माझ्याच ओठांशी आले होते.

आणि मी वळून पाहिलं ते सर्व्हेअरकडे. त्याने हे टिपून घेतलं की नाही, ते बघायला.