आईंचा डावा हात

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त लोणच्यासाठी येते. नजर, भूत, बाहेरचं असलं काही मी कधीच मानलं नाही. आजही मानते असं नाही... पण उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुपारी जे डोळ्यांनी पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही मूळचे खानदेशचे, सुरतला कोसाडमध्ये राहतो. दोन खोल्या, तळमजला. माझ्या सासूबाईंना – आईंना – अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं डावं अंग पूर्ण गेलेलं. बोलणं शाबूत, पण कुशीवर वळवायलाही आम्हीच लागायचो. त्यांना चुलीवरच्या भाकरीची फार आठवण यायची, म्हणून मिस्टरांनी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका वर्कशॉपमधून लोखंडी चूल बनवून आणली. धूर बाहेर जायला भिंतीतून पाइप काढला. दिवाळीत त्याच स्वयंपाकघरात मोठा एक्झॉस्ट फॅनही बसवला. दोन्ही सोयी आईंसाठीच केलेल्या!

उत्तरायणला आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर स्पीकर असतो. आईंचं डोकं दुखायला लागलं, म्हणून मी सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या. मिस्टर आणि मुलगी वर पतंग उडवत होते. मी चुलीवर वांगी भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. जाळ विझला होता, नुसते निखारे होते. वास जावा म्हणून फॅन फुल सोडला आणि आईंना भरवून त्यांच्या खाटेला टेकून बसले.

"पोरी, डोकं लई जड व्हयनं," आई म्हणाल्या.

"जेवण जड झालं असेल, आई. पडा जरा."

माझंही डोकं जड झालं होतं. वाटलं, सणाची दगदग. डोळे मिटले... त्यानंतरचं आठवत नाही.

जाग आली ती पतंग कापल्याच्या "काइपो छे!"च्या आरोळ्यांनी. आवाज एकदम कानाशी, आणि तोंडावर गार वारा. खिडकी उघडी होती. आणि खिडकीशी आई उभ्या होत्या.

उभ्या! खाटेपासून पार समोरच्या भिंतीपाशी. पाठ माझ्याकडे, पदर खांद्यावरून सुटलेला. गज धरला होता तो डाव्या हातानं – त्या मेलेल्या हातानं! ती खिडकी रंग लागून इतकी गच्च बसायची, की मला दोन्ही हातांनी हिसका द्यावा लागायचा.

"आई..." मी हाक मारली.

त्यांनी मान वळवली नाही. फक्त म्हणाल्या, "ऊठ व माय. दार उघड."

पायांत जीव नव्हता. रांगत गेले, कडी काढली, जिन्यावरून खाली येणाऱ्या मिस्टरांना हाक मारली. मागे वळले तेव्हा आईंचे गुडघे दुमडत होते. मिस्टरांनी धावत येऊन त्यांना कमरेत धरलं, पण गजावरची मूठ काही सुटेना. एकेक बोट उलगडून काढावं लागलं.

दवाखान्यात आम्हा दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी समजावलं – बंद घरात फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत येणारच. ती चुलीच्या पाइपातून उलटी आली आणि निखाऱ्यांचा विषारी वायू घरात पसरला. त्याला ना रंग, ना वास. थोडा वेळ आणखी गेला असता तर...

एवढं पटलं. पण मिस्टरांनी खिडकीचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर उठून आईंच्या खाटेशी गेले. डावा हात उचलून सोडला – तो धप्पकन पडला. सुई टोचली – आईंना कळलंही नाही. पण तळव्यावर गजाचा लालभडक वळ होता.

"आई, तुम्ही कशा उठलात हो?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मी? येडी व्हयनी का तू? माले उठता येस का?"

आता चूल पेटवायच्या आधी फॅन बंद होतो, खिडकी उघडते, आणि राख गार होईपर्यंत तसंच राहतं. आई परत कधी उभ्या राहिल्या नाहीत. मी रोज सकाळी त्या हाताला तेल लावते. पूर्वी भराभर उरकायचे. आता आधी तो हात उचलून कपाळाला लावते, मग तेलाची वाटी घेते.