बोटीवर बाईनं जायचं कुठं

कडीला हात लावला आणि मागून आवाज आला.

"ए! ते पाहुण्यांचं आहे."

मालकाची बायको. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. टेबलाभोवती नागपूरचे पाहुणे बसले होते. त्यांच्या ताटात मी तळलेले झिंगे होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी तोंडाकडे, मग संडासाच्या कडीवरच्या हाताकडे.

मी हळू आवाजात म्हटलं, "मॅडम, घाईची लागली आहे."

ती मोठ्यानं म्हणाली, "मग घरूनच जाऊन यायचं ना!"

एक पाहुणा हसला. मी हात काढून घेतला आणि मागच्या स्वयंपाकघरात आले. कढईतले झिंगे करपायला लागले होते. ते काढले, दुसरे टाकले.

त्या बोटीवर मी स्वयंपाक करायचे. चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून आमचं धरण आहे. वाघ बघायला आलेली मोठी माणसं दुपारी या बोटीवर यायची. खायची, प्यायची, पाखरं बघायची. मालक माझी ओळख करून द्यायचा, "ही आमची पर्सनल शेफ!" पाहुणे टाळ्या वाजवायचे. मीही हसायचे. सुरुवातीला मला त्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू?

आम्ही ढिवर. माझं माहेर नागभीडकडचं, बाप तलावात जाळं टाकायचा. मासळी साफ करणं मला चालण्याआधी आलं असेल. लग्न करून इकडे आले. काही वर्षं ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरांमध्ये पोळ्या लाटल्या. मग ही बोट आली.

पर्सनल शेफचं काम काय असतं ते सांगते. सिलिंडर खांद्यावर घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरायच्या. मासळी खवलायची, मसाला वाटायचा, बादलीनं पाणी चढवायचं. स्वयंपाकघर म्हणजे इंजिनाशेजारची पत्र्याची खोली. एका बाजूनं डिझेलचा धूर, दुसऱ्या बाजूनं गॅसची आच. बोट वळली की रस्सा सांडतो, म्हणून भांडी शेगडीला तारेनं बांधायची. भाकर थापताना पाय फाकवून उभं राहायचं, नाहीतर तोल जातो. जेवणं झाली की भांडी. भांडी झाली की फरशी. आणि सगळे उतरले की तोच संडास घासायचा. ब्रश आणि फिनेल घेऊन मला आत जाता यायचं. फक्त तेवढ्यासाठीच जाता यायचं.

नीळकंठभाऊ बोट चालवायचे. ते आमच्याच गावचे. पुरुषाचं काय, ते मागच्या कठड्याला जाऊन उभे राहायचे आणि मी तोंड फिरवायचे. माझ्यासाठी असा कोणता कठडा होता?

मग मी पाणी प्यायचं सोडलं. चंद्रपूरचा उन्हाळा, डोक्यावर तापलेला पत्रा, पुढ्यात भट्टी, आणि मी सकाळपासून ओठ ओले करत नव्हते. तोंड सुकलं की चिंचेचा तुकडा जिभेखाली ठेवायचे. पाळीच्या दिवसांत तर जीव नकोसा व्हायचा. दोन कपडे एकावर एक लावायचे आणि वरून काळं लुगडं. पाहुण्यांना वाढताना सारखं मागे वळून बघायचे. पुढं लघवीला आग व्हायला लागली. दवाखान्यातली सिस्टर ओरडली, "पाणी काऊन नाई पेत वं तू? किडनी खराब करून घेतेस का?" तिला काय सांगणार, की मी दिवसभर पाण्यावरच असते?

तर त्या दिवशीचं सांगत होते. थोड्या वेळानं मॅडम मागे आली. तिला वाटलं असेल, आपण जरा जास्तच बोललो. नीळकंठभाऊंना म्हणाली, "बोट काठाला घ्या, तिला उतरवा." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "दोन मिनिटं हं, आमच्या शेफला जायचंय."

सगळ्यांना सांगितलं. माझ्या देहाची गोष्ट तिनं चटणी वाढावी तशी टेबलावर वाढली.

बोट काठाला लागली. मे महिना होता, धरण आटलेलं. समोर नुसता भेगाळलेला गाळ, सपाट. झुडूप नाही, दगड नाही. जंगलाची कड दूर होती. मी चालायला लागले. मागे वळून पाहिलं तर पाहुणे वरच्या मजल्यावर चढलेले. गळ्यात दुर्बिणी. एकाच्या हातात मोबाईल, समोर धरलेला. तो काय टिपत होता, मला माहीत नाही. बगळा असेल, मी असेन.

कुणीतरी ओरडलं, "अरे सांभाळून, वाघ येईल!"

सगळे हसले.

आमच्याकडे वाघावर कोणी हसत नाही. माझ्या शेजारची बाई मोह वेचायला गेली होती, वाकलेली असताना तिला नेलं. तिचा तांब्या तेवढा घरी आला. त्या गाळात मी उभी होते. पुढे जंगल, मागे दुर्बिणी. पोटात कळ मारत होती. मला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. मी तशीच परत फिरले. न जाता.

फळीवरून चढताना नीळकंठभाऊ खाली बघत म्हणाले, "झालं काय बाई?"

"नाई," मी म्हटलं.

जेवणं सुरू होती. मालकानं हाक मारली, "भाकर आण गं, गरम!" तव्यावर भाकर फुगलेली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. हेच हात त्यांच्या तोंडापर्यंत जातात. पीठ मळतात, काटे काढून देतात. त्यांना माझ्या हातांचा विटाळ नाही. मग कमरेखाली मी कोण होते?

मी गॅस बंद केला. हात धुतले. पदर खोचला. टेबलाच्या कडेनं, सगळ्यांच्या देखत चालत गेले, दार उघडलं आणि आतून कडी लावली.

बसले. सुरुवातीला काही झालंच नाही, इतकी वर्षं अडवलेलं शरीर एका मिनिटात कसं ऐकेल? मग झालं.

दारावर थाप पडली.

"कोण आहे आत?" मॅडम.

"मी."

"मी कोण?"

"तुमच्या भाकरी करणारी."

"आधी बाहेर ये!"

"झालं की येते."

मी घाई केली नाही. पाणी टाकलं, तिथल्याच साबणानं हात धुतले, दार उघडलं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. जो हसला होता तो ताटात बघत होता. मी मागे गेले, गॅस पेटवला आणि गरम भाकर आणून वाढली. सगळ्यांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी संडासाला कुलूप होतं. नवं, पितळी. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये. मालक म्हणाला, "पाहुण्यांना वाईट वाटतं. समजून घे ना."

मी घाटाच्या पायरीवर बसले. "कुलूप काढा, मंग गॅस पेटवतो," मी म्हटलं.

त्यांनी कुलूप काढलं नाही. ढाब्यावरून डबे मागवले आणि माझ्याशिवाय बोट गेली. नीळकंठभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचंही पोट त्याच बोटीवर आहे. पण मला लागलं ते लागलंच.

घरी नवरा म्हणाला, "एवढ्याशासाठी काम सोडून आली काय वं?"

मी म्हटलं, "उद्या पहाटपासून तू पाणी पेऊ नको अन् बाहेर जाऊ नको. संध्याकाळी मले सांगजो, एवढंसं हाय का केवढं हाय."

त्यानं पाणी सोडलं नाही. पण तो शब्द पुन्हा काढला नाही.

मालक आता गावात दुसरी बाई शोधतो. ज्या घरी तो जातो, त्या घरी मी आधी जाऊन येते. सगळं सांगते. कोणी ऐकतं, कोणी म्हणतं तू लय शहाणी झाली. कोणीतरी जाईलही त्या बोटीवर. तिला मी नावं ठेवणार नाही. पण तिला माहीत नव्हतं, असं होऊ देणार नाही.

परवा जंगलाच्या कडेच्या एका रिसॉर्टवाल्यानं बोलावलं. मोठं स्वयंपाकघर, लखलखीत ओटा, दोन फ्रीज. तो कौतुकानं दाखवत होता. मी म्हटलं, "भाऊ, मले जायचं असलं तर कुठी जाऊ?"

त्यानं मागच्या जंगलाकडे बोट दाखवलं. "बाकीच्या बाया तिकडंच जातात."

मी तिथंच चपला घातल्या. उंबऱ्याशी उभी राहून त्याला सांगितलं, "दाराचा संडास बांधा, मंग बलावजा. तवर तुमच्या पिठाले माझा हात लागणार नाई."