अजून न्हाय

शुद्धलेखनाची चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. उभं आयुष्य शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले तरी खोड काही जात नाही. केबिन रोडच्या फरसाणवाल्याला मी त्याची पाटी दोनदा दुरुस्त करायला लावली. "टीचर, लोग यहाँ पढ़ने नहीं, खाने आते हैं," म्हणाला मेला. पण केली दुरुस्त.

म्हणून समोरच्या फ्लॅटमधली चित्रकार मुलगी पहिल्यांदा गोष्ट तपासायला घेऊन आली, तेव्हा मी अगदी खूश झाले. मुलगी कसली, चांगली पंचेचाळिशीची बाई. लहान मुलांची चित्रपुस्तकं करते. गोष्ट तिची, चित्रंही तिचीच. माहेर इथलंच, खाडीकाठचं, आईवडील मिठागरात राबलेले. सुरुवातीला बालवाड्यांच्या भिंतींवर ससे आणि हत्ती रंगवायची, मग सोसायटीच्या हॉलमध्ये ड्रॉइंग क्लास घ्यायला लागली. पहिलं पुस्तक छापून यायला कितीतरी वर्षं गेली. तोवर नापसंत होऊन परत आलेल्या चित्रांच्या पाठीवरच ती नवी चित्रं काढत होती. ते कागद तिने मला दाखवलेत, दोन्ही बाजूंनी भरलेले.

तिची कामाची तऱ्हा बघून मी आधी चक्रावलेच. चित्र समोर ठेवायचं आणि खालच्या ओळीतला एकेक शब्द अंगठ्याने झाकून बघायचा. झाकूनही चित्रातून कळतंय? मग तो शब्द कट.

"अगं, मग उरणार काय, डोंबल?" मी विचारलं.

"जे चित्रात काढता येत नाही ते, बाई."

बगळा पाय कसा दुमडतो ते बघायला ही आठवडाभर खाडीवर जाऊन बसली होती. मला नसतं जमलं, खरंच सांगते. मुलांसाठी म्हणून तिने कधी काही उरकलं नाही.

गेल्या वर्षी तिने आईवरचं पुस्तक केलं. आई तिच्याकडेच असते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेही लेकीचं पहिलं पुस्तक यायच्या आधी. म्हणजे लेकीचं एकही पुस्तक त्या माउलीने पाहिलेलं नाही. गोष्ट एवढीशी. छोटी मुलगी मिठागराच्या बांधावर बसून प्रत्येक पानावर विचारते, "झालं का मीठ?" पाण्यात उभी आई म्हणते, "अजून न्हाय." ऊन चढतं, वारा सुटतो, पाणी आटतं. अजून न्हाय. शेवटच्या पानावर पांढराशुभ्र ढीग आणि एकच शब्द: "हाय!"

"आईला चित्रं दिसायची नाहीत," ती मला म्हणाली. "पण नुसतं ऐकून तरी तिला कळलं पाहिजे, ही तिची गोष्ट आहे. नाहीतर मी इतकी वर्षं केलं काय?"

आणि मी काय केलं? लाल पेन घेतलं. ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’. वर लेक्चर दिलं, मुलांच्या हाती अशुद्ध भाषा देऊ नये म्हणून. तिने कागद गोळा केले. "तुम्ही म्हणताय तर करते, बाई," एवढंच म्हणाली. माझ्यापुढे ती कधी उलट बोलायची नाही, आणि मला त्याचीच घमेंड.

छपाईआधीचा नमुना आला. दुसऱ्या दिवशी होकार कळवायचा होता. दुपारी आम्ही तिच्या आईच्या पलंगाशी बसलो आणि लेकीने वाचायला घेतलं. "झालं का मीठ?" "अजून नाही." "झालं का मीठ?" "अजून नाही." म्हातारी हात जोडून ऐकत होती, ऑफिसात साहेबासमोर बसावं तशी. शेवटचं "आहे!" झालं.

"चांगली हाय," ती म्हणाली. "कोनाची गोष्ट हाय?"

"तुझीच की गं, आय."

"माजी? न्हाय गो."

लेकीने पुस्तक मिटलं. तिचा चेहरा मला बघवेना. आणि माझ्या कानात तो ‘न्हाय’ नुसता वाजत राहिला. मीच खोडलेला शब्द! अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"आण इकडे," मी पुस्तक ओढून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. "झालं का मीठ?" "अजून न्हाय." माझा उच्चार ऐकून म्हातारी खुदकन हसली. दुसऱ्या पानावर तिने मान हलवली. तिसऱ्या पानावर मी नुसतं "झालं का मीठ?" म्हटलं, तर तीच म्हणाली, "अजून न्हाय!" चांगली दटावून, बांधावरच्या पोरीला म्हणावं तशी. पुढची सगळी पानं तिनेच म्हटली. शेवटचं पान मी उलटलं, ते तिला कुठून दिसणार? पण कागद वाजला आणि दोन्ही हात पुढे करून ती ओरडली, "हाय!"

मी पर्समधून लाल पेन काढलं. प्रत्येक पानावरचा ‘नाही’ खोडून ‘न्हाय’ लिहिलं, शेवटचा ‘आहे’ खोडून ‘हाय’ लिहिलं, आणि खाली माझी सही ठोकली.

लेकीने आईचा हात धरून त्या पांढऱ्या ढिगावर ठेवला. "आय," तिने पुन्हा विचारलं, "कोनाची गोष्ट हाय?"

"माजी हाय," म्हातारी म्हणाली. "पन तुला कशी गो म्हाईत?"