सुळक्याखालची मोजणी

नव्वदच्या आसपासची दोन-तीन वर्षं ऑक्टोबरचे रविवार मी कर्नाळ्याच्या किल्ल्यावर काढले. मुंबईच्या एका पक्षीमित्र मंडळासाठी उत्तरेकडून येणारे गरुड, भोवत्या, घारी असे शिकारी पक्षी मोजायचे. पक्षी सुळका ओलांडून दक्षिणेला गेला तरच वहीत रेघ मारायची, नाहीतर घिरट्या घालणारा एकच पक्षी चारदा मोजला जातो. मी पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, चष्मा जाड होता. धाकट्या बहिणीची नजर तीक्ष्ण, म्हणून तिला सोबत नेऊ लागले.

शेवटच्या वर्षी तिला न्यायला नको होतं. त्या उन्हाळ्यात एक मधमाशी चावून तिचा घसा सुजला, दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. पुन्हा चावली तर तेवढाही वेळ मिळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. सुळक्यावर आग्या मोहोळं लटकतात हे मला ठाऊक होतं. पण ती उंचावर. आपण त्यांच्या वाटेला गेलो नाही तर माश्या कशाला येतील, असं मी मनाला समजावलं.

एका रविवारी अकराच्या सुमारास बहीण म्हणाली, "ताई, मोहोळघार." मी पेन्सिल धरून थांबले. घार सुळका ओलांडेना. मोहोळघार पोळी फोडून खाते हे मी दरवर्षी मुलांना शिकवत होते, तरी लांबच्या वाटेवरचा पक्षी मध्येच जेवायला थांबेल हे डोक्यात आलं नव्हतं. ती सरळ पोळ्यावर जाऊन बसली. पोळ्यावरचा माश्यांचा काळा थर सुटला आणि हवेत आला.

बहीण पळायला उठली. आमच्या मागे सरपण बांधत बसलेल्या कातकरी बाईने तिचा हात खाली ओढला. "पलू नको, बाय. आंगावर घे काय हाय ते न गप बस."

बसायला आणलेली सतरंजी मी तिच्यावर टाकली, कडा गुडघ्यांखाली दाबल्या, पदर डोक्यावरून घेतला. मला मानेवर दोन चावल्या. मी हलले नाही. सतरंजीखालचा श्वास ऐकत राहिले. घसा दुखतोय का, जड वाटतोय का, पुन्हा पुन्हा विचारत होते.

"ताई, ती पलीकडे गेली का बघ. रेघ राहील."

"तू श्वास घे," मी म्हणाले.

पाऊण तासाने माश्या वर परतल्या. बाईने सतरंजीचा कोपरा उचलून आत पाहिलं. "धड हाय." मग माझ्याकडे वळली. "हिला कशाला आनली इथं?"

मी सतरंजी गुंडाळली. उतरताना दर वळणावर मी बहिणीला थांबवून तिचे ओठ पाहत होते. ती वैतागली.

पुढच्या रविवारी ती पाण्याची बाटली भरून दारात हजर. मोजणी बंद झाली, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. एकटीने जायला चढवलेले बूट मी काढले आणि तांदूळ निवडायला घेतले. दुपारपर्यंत ती समोर बसून राहिली. मीही उठले नाही. मंडळाला आजारी होते असं कळवलं.