पाटीसाठी खणलेला खड्डा

माझ्याच वावरात दुसऱ्याच्या नावाची पाटी उभी राहिली, आणि तिच्यासाठी खड्डा मीच खणला होता. लोखंडी सब्बल माझी, घाम माझा. पाटीवर कागद गुंडाळलेला. मला वाटलं, आत माझं नाव असेल. निदान नवऱ्याचं तरी.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आष्टीकडच्या आमच्या शिवारात तुरीला मर लागायची. उभं झाड वाळून जायचं. आजूबाजूची झाडं मेली तरी जे हिरवं राहिलं, त्याला मी जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. बियाणं फक्त त्याच झाडाचं ठेवायची. पाच-सहा वर्षं हेच केलं. मग माझी तूर तगू लागली आणि गावातल्या बाया सूप घेऊन बियाण्याला येऊ लागल्या. कोणाला नाही म्हटलं नाही.

ते ऐकून शेतीखात्याचे साहेब पाहायला येणार होते. भाऊसाहेब गावचे मोठे शेतकरी, सोसायटीचे अध्यक्ष. कधी आमच्या बांधावर न फिरकलेला माणूस त्या सकाळी पाटी घेऊन हजर. तेव्हाच संशय यायला हवा होता. मी बावळट, खूश होते.

जीप आली. भाऊसाहेबांनी कागद ओढला. पाटीवर त्यांचं नाव, खाली 'यांचा तूर प्रयोग'. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बैलाची वेसण चाचपत होता. त्याला आधीच ठाऊक होतं का? आजवर विचारलं नाही. उत्तराची भीती वाटते.

"या बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

"कामाले असते आपल्याकडं. वहिनी, चहाचं पाहा जरा."

साहेब एका चिंधीपाशी थांबले. "हे काय बांधलंय?"

भाऊसाहेब हसले. "नजर लागू नाई म्हणून. बायांचे टोटके, साहेब."

सगळे हसले. पाटीवरचं नाव मी गिळलं होतं. चिंधीवर हसले आणि अंगाची लाही लाही झाली. ती माझी अक्कल होती, सहा वर्षांची.

"टोटका नाई, साहेब. मर लागलेल्या ओळीत जे झाड जगलं, त्याची खूण हाय थे. कोणती चिंधी काऊन बांधली, यायले इचारा."

साहेबांनी विचारलं. भाऊसाहेब रुमालाने मान पुसत राहिले. मी सब्बल उचलली, पाटी ढिली केली, उपटली आणि बांधाबाहेर फेकली.

"काय करून राह्यली तू?" नवरा पुटपुटला.

साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. त्या हंगामात सोसायटीत आमच्यापुरतं खत संपलेलं होतं. बायांनी मात्र आपापल्या वावरात चिंध्या बांधल्या.

दहा वर्षांत ही तूर आसपासच्या गावांत पसरली, तसे भाऊसाहेब पुन्हा दारात. शाल, नारळ, आणि कागदात गुंडाळलेली नवी पाटी.

"वहिनी, आता तुमचंच नाव हाय. गावाच्या पुढारी तुमीच."

या वेळी कागद मी उंबऱ्यावरच फाडला. नाव माझं होतं. खाली 'मार्गदर्शक' म्हणून त्यांचं, माझ्या दुप्पट अक्षरात. आयत्या बिळावर नागोबा! शाल-नारळ पाटीवर ठेवले आणि सगळं त्यांच्या हातात परत दिलं.

बियाणं मी कोणालाही देईन. त्यांच्या सुनेलाही. आधी तिला वावरात नेईन, जगलेलं झाड तिलाच शोधायला लावीन, चिंधी तिच्याच हाताने बांधून घेईन. पाटीसाठी मात्र माझ्या वावरात पुन्हा खड्डा होणार नाही. सब्बल दाराआड उभीच असते.