निळ्या झेंड्याखाली वाचलेला फॉर्म

आयुष्यात एकदाच खोटं बोललेला माणूस आज पहाटे गेला.

आमचे बोरकर मास्तर. नव्वदी पार केली होती त्यांनी.

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर "आदर्श शिक्षक" सुरू आहे. चालू द्या. मला वेगळंच सांगायचंय, आणि आज नाही सांगितलं तर ते माझ्यासोबतच जाईल.

महाराष्ट्र व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. नेरजवळचं आमचं गाव. मी सोळा वर्षांची, सातवी फायनल पास.

आज ज्याला करिअर गाइडन्स म्हणतात, ते मास्तर दर रविवारी शाळेच्या ओट्यावर करायचे. पोराला समोर बसवून नीट बघायचे आणि सांगायचे, "तू कंपाउंडर हो. तुले लोकाईचं दुखनं आयकाची सवय हाये."

फॉर्मही तेच भरायचे. गावात दुसरं कोण भरणार?

मला म्हणाले, "तू मास्तरीन व्हय."

यवतमाळला ट्रेनिंगची जागा मिळाली तर शिक्षण. नाही मिळाली तर दिवाळीनंतर लग्न. मुलगा उमरखेडकडचा, बघून झालेला. बाबांनी एवढीच सवड दिली होती.

फॉर्म भरताना जातीच्या रकान्यापाशी मास्तर थांबले.

बाबा नागपूरला दीक्षा घेऊन आले होते. घरातले देव नदीत सोडले होते. पण तेव्हा कागदावर बौद्ध लिहिलं की सवलत जायची.

"बौद्ध लिवलं त राखीव जागा गेली. खुल्या यादीत तुहा नंबर लागत नाही."

"मंग?"

मास्तरांनी जुनी जात लिहिली.

"बाबाले काय सांगू?"

"त्याईले मी पाहून घेतो."

मी मास्तरांचा लिहिता हात धरला नाही. हे एवढं वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली.

आमच्या वस्तीत तेव्हा एक रीत होती. कुणाचाही कागद सरकारात जायचा असला की आधी निळ्या झेंड्याखाली सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. पूर्वी लोकांनी न वाचता अंगठे देऊन फार सोसलं होतं.

त्याच संध्याकाळी बाबांनी मास्तरांनाच वाचायला बोलावलं. स्वतः धुतलेला सदरा घालून पुढे बसले. त्यांना अक्षर येत नव्हतं.

मास्तरांनी नाव वाचलं. गाव वाचलं. वय वाचलं. आणि थांबले.

"जात?" बाबांनी विचारलं. "ते जुनं नाव म्या नागपूरले टाकून आलो, मास्तर. पोरीच्या कागदावर ते नोको."



देविदासदादा, माझा चुलतभाऊ, चौथी शिकलेला. तो उठून पुढे आला. "द्या मास्तर, मी वाचतो."

मास्तरांनी कागद छातीशी धरला.

"शाई ओली हाये. बोट लागन."

मग बाबांकडे बघत म्हणाले, "बौद्ध. बौद्ध लिवलं हाये."

बाबांनी हात जोडले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बायका माझ्या तोंडावरून हात फिरवत होत्या आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

जागा मिळाली. लग्न टळलं. झरी जामणीकडच्या एका शाळेत नोकरी लागली, मग नेरला बदली झाली. सगळं आयुष्य मी शिकवलं, आणि मला ते फार आवडलं. हेही खोटं बोलणार नाही.

बाबा शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माही पोरगी बौद्ध लिवून मास्तरीन झाली." मी चहा ठेवायला आत जायचे.

बाबा गेल्यावर मी मास्तरांना गाठलं. भांडायलाच गेले होते.

"त्याईले खरं काहून नाही सांगितलं तुमी?"

मास्तर म्हणाले, "रोज वाटे, आज सांगतो. मंग तू शायेत जाताना दिसे. अन् मी चूप बसो."

मीही चूपच होते ना.

तुम्ही तसं लिहिलं नसतं तर आज मी कोण असते, मास्तर, हे मला नीट ठाऊक आहे. तरी राग गेला नाही. आज रडतेय तीही रागावूनच.

बाबा, त्या कागदावर बौद्ध नव्हतं. मी पाहिलं होतं.

मास्तर, तुम्ही सुटलात. शेवटचा नमस्कार घ्या.