जस्ताचा सोमवार

तांब्याला घाई नसते. भट्टीत घातलं की लालबुंद होईल, पण वितळायला जीव खाईल. जस्त मात्र उतावळं मेलं. तांबं वितळायच्या आधीच त्याची वाफ होऊन जाते. म्हणून पितळ करायचं तर आधी तांबं पातळ करायचं आणि जस्त शेवटी टाकायचं. टाकलं की मुशीतून हिरवट जाळ उठतो, पांढरा धूर सुटतो आणि त्याचे कापसासारखे पुंजके कारखानाभर उडत राहतात. मला हे कुणी शिकवलं? नवऱ्याने, जेवताना. दुसरं बोलायला ह्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं.

गिरणी संपात बंद पडली तेव्हा हे कापूस पिंजायच्या खात्यात होते. वाट बघून बघून शेवटी जोगेश्वरीच्या एका गाळ्यात लागले, नळाच्या पितळी तोट्या ओतायला. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "गिरणीच गो ती. तसाच कापूस उडता." वर हसले पण. आगीतून फुफाट्यात पडलोय हे आम्हाला तेव्हा कुठे कळलं होतं!

मग सोमवार सुरू झाले. संध्याकाळी घरी आले की तोंड गोडसर लागतंय म्हणायचे, तहान तहान करायचे आणि अंधार पडेतो हुडहुडी भरायची. घामाने अंथरूण भिजायचं. मंगळवारी सकाळी बघावं तर गडी आरशासमोर दाढी करतोय! डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. मी रविवारच्या बांगड्यांना धरलं. रविवारी मासे, सोमवारी ताप, मग दुसरं काय असणार? बरेच रविवार वरणभातावर काढले, पोरांची तोंडं वाकडी झाली, ताप यायचा तो आलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

ह्यांना स्वतःला कशाचंच नवल वाटत नव्हतं. "गिरणीत पण सोमवारी छाती भरायची. सगळ्यांचीच भरायची. सोमवार असतोच तसा." गिरणीत जन्म गेलेल्या माणसाला कोण समजावणार?

गणपतीला गावी गेलो. तिथे माणूस ठणठणीत. नारळ काय काढले, आरत्या काय म्हटल्या! परत येऊन भट्टीसमोर उभे राहिले आणि त्या संध्याकाळी असे कापायला लागले की दोन गोधड्या टाकून मी वर ओणवी झाले. मला वाटलं, गेला माझा माणूस.

गाळ्यातल्या एका जुन्या माणसाने मग खरं काय ते सांगितलं. ताप जस्ताच्या धुराचा. रोज धूर घेतला की अंगाला सवय होते, सुट्टी घेतली की अंग ती विसरतं. मी म्हटलं, चला, सुटलो, आता तरी काम सोडतील. ह्यांनी भलताच अर्थ काढला. म्हणाले, "म्हणजे मला सुट्टी बाधते."

आणि रविवारीही कामाला जायला लागले. शेठ खूश, गाळ्याची चावीच ह्यांच्या हातात दिली. मी भांडले. "आजारी पडू नये म्हणून रोज विष खायचं? कुठली अक्कल ही?"

"ताप आला? नाही ना? मग?"

ताप खरंच येत नव्हता. मला रविवारी माणूस घरात हवा होता, पोरांशी पत्ते कुटणारा, दुपारी घोरणारा. एवढंच मागणं होतं माझं, आणि तेवढ्यासाठी मी देवाकडे त्यांचा ताप कसा मागू? जस्ताला हवा लागली की वर करडी साय धरते आणि मग आत काही लागत नाही म्हणतात. ह्यांनी तशी साय धरली. मी बोलून बोलून थकले आणि मग बोलायचंच सोडलं.

पुढच्या गणपतीला मी एकटीच पोरांना घेऊन गावी गेले. सासूबाई घरापुढच्या खळ्यातच उभ्या होत्या. पोरांच्या डोक्यांवरून त्या मुलासाठी मागची वाट बघत राहिल्या.

"गो, झील खंय माझो? बरो नाय काय?"

"बरे आसत," मी म्हटलं, "म्हणानच येवक नाय."